आपल्या नावाची साक्ष संगणकात कोण देतो?

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलचे पहिले स्टेशन शहाड. सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यामुळे हे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या आसपास आणि उल्हासनगरच्या बाजूला ग्रिलवाले, फर्निचरवाले, शिलाईवाले, गॅरेजवाले यांचे जे छोटे छोटे गाळे आहेत त्यांची दखल फारशी कोणी घेत नाही. अशाच एका गाळ्यात आमच्या परिचयाचे एक भाई वेल्डिंगचे काम करतात. त्यांचे नाव आम्ही देत नाही. या हकिगतीत सगळा घोटाळा नावानेच केलेला आहे.

भाईंना पत्रा वाकवण्याचे यंत्र घ्यायचे होते. एका इमारतीच्या खिडक्या-दरवाजांचे काम समोर आले होते आणि ते हाताने वेळेत होणारे नव्हते. त्यांनी बँकेत अर्ज केला. चार दिवसांनी उत्तर मिळाले की तुमच्या नावावर मोटारसायकलचे कर्ज थकलेले दिसते, आधी ते फेडा. भाईंनी आयुष्यात कधी मोटारसायकल हप्त्यावर घेतलेली नाही. ज्या शहरात ते कर्ज उचलले गेले, त्या शहरात त्यांनी पाऊलही ठेवलेले नाही.

ते बँकेत परत गेले. बँक म्हणाली, आम्ही काय करणार, आम्हाला संगणकावर जे दिसते ते आम्ही मानतो. ज्या कंपनीने ही माहिती बँकेला पुरवली तिला विचारले. ती म्हणाली, आम्ही फक्त नोंद ठेवतो, कर्ज देणाऱ्याने जे कळवले ते लिहिले. मग कर्ज देणाऱ्या कंपनीला गाठले. तिथल्या बाईंनी त्यांचा फोन नंबर टाकून पाहिला आणि सांगितले, चाचा, तुम्ही तर आमचे ग्राहकच नाही, तुमची तक्रार मी कुठल्या खात्यावर लिहू?

तीन दारे झाली. तिन्ही ठिकाणी कोणी उद्धट बोलले नाही की कोणी लाच मागितली नाही. प्रत्येकाने आपले काम नियमाप्रमाणे केले होते, आणि तरी एक प्रामाणिक कारागीर थकबाकीदार ठरला होता.

कर्ज घ्यावे की न घ्यावे, व्याजाचे काय, हा आमचा आजचा विषय नाही. तो ज्याने त्याने जाणकारांना विचारून ठरवावा. पण जो कर्जाच्या वाटेला जात नाही त्यालाही चालू खाते, पॅन आणि जीएसटी यांच्यापासून सुटका नाही. आपली माहिती आज एका ठिकाणी राहात नाही. ती बँकेच्या संगणकात आहे, कर खात्याच्या संगणकात आहे, पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्यांकडे आहे, आणि हे सर्व संगणक एकमेकांना विचारत असतात. एकाने सांगितलेले दुसरा कशाच्या भरवशावर खरे मानतो, एवढीच गोष्ट आज आम्हाला आमच्या व्यापारी बंधूंपुढे मांडायची आहे.

शाहजोग हुंडी

हा प्रश्न नवा नाही. आपल्या बाजारपेठांनी तो फार पूर्वी सोडवला होता. सुरतेच्या पेढीने मुंबईच्या पेढीवर हुंडी लिहिली तर मुंबईच्या मुनिमाने त्या कागदावर विश्वास का ठेवावा? अक्षर नकली असू शकते, हुंडी वाटेत चोरीला गेलेली असू शकते. म्हणून शाहजोग हुंडीची रीत होती. ही हुंडी कोणीही घेऊन यावी आणि पैसे घेऊन जावे असे नव्हते. ती एखाद्या शाहाच्या, म्हणजे बाजारात पत असलेल्या माणसाच्या हातूनच वटवली जाई. पुढे हुंडी बनावट निघाली तर पैसे परत करायला हा माणूस जागेवर सापडेल, हे त्यात गृहीत होते. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. वटलेली हुंडी खोका होऊन फायलीत जाई, म्हणजे तीच हुंडी पुन्हा कोणी पुढे करू शकत नसे.

यात भरोसा कागदावर नव्हता. कागदामागे उभ्या राहिलेल्या, नावानिशी ओळखता येणाऱ्या आणि जबाब देणाऱ्या माणसावर होता. संगणकाच्या जमान्यात कागद गेला, त्याचे काही वाईट वाटायला नको. पण त्याच्या मागचा शाह कुठे गेला, हे विचारायला हवे.

पुण्यातील ऑगस्ट २०१८

शाह नसला तर काय होते हे महाराष्ट्राने एकदा पाहिलेले आहे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक ही जुनी, नावाजलेली बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ आणि १३ तारखेला, या बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये चोरले गेले. तिजोरी फोडली नाही आणि ग्राहकांच्या खात्यांना हातही लावला नाही.

चोरी झाली ती अशी. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र आपल्याला पैसे द्यावे की नाही हे स्वतः ठरवत नाही. ते एका जोडणीमार्फत आपल्या बँकेला विचारते. बँकेचा संगणक खाते पाहून हो किंवा नाही असे उत्तर देतो. चोरांनी या वाटेत आपला एक नकली संगणक बसवला. कार्डवाल्याने पैसे मागितले की प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोचायचाच नाही; मधल्या मधे नकली संगणक उत्तर द्यायचा : हो, द्या. बनावट कार्डे घेतलेली माणसे २८ देशांत एटीएमपुढे उभी होती. काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये परदेशात आणि अडीच कोटी रुपये देशात काढले गेले. दोन दिवसांनी आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले.

परदेशातल्या त्या एटीएमचा यात काय दोष? नेहमी ज्या वाटेने बँकेचे उत्तर येते त्याच वाटेने उत्तर आले, ते त्याने मानले. वाट ओळखीची आहे म्हणून माणूसही ओळखीचा, अशी ही समजूत. हीच चूक आपणही करतो. बँकेचे नाव फोनवर दिसले की बोलणारा बँकेचाच आहे असे धरून चालतो. फरक इतकाच की यंत्र ही चूक काही तासांत हजारो वेळा करू शकते.

मोहर आणि मजकूर

यावर उपाय म्हणून संगणकवाल्यांनी मोहरेची जुनीच कल्पना वेगळ्या रीतीने वापरली. तिला डिजिटल सही म्हणतात. सही करणाऱ्याकडे किल्ल्यांची एक जोडी असते. एक किल्ली त्याने गुप्त ठेवायची, दुसरी जगजाहीर. गुप्त किल्लीने उमटवलेली मोहर जाहीर किल्लीने कोणालाही तपासता येते, पण उमटवता येत नाही. वाटेत मजकुराचे एक अक्षर जरी बदलले तरी मोहर जुळत नाही. आपल्या देशात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या सहीला मान्यता दिली. कंपन्यांना जीएसटीचे विवरण या सहीने भरता येते. किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे याचा दाखला देणाऱ्या संस्थाही सरकारी परवान्याने चालतात. म्हणजे शाह एका अर्थी परत आला.

पण इथेच पुष्कळांची गल्लत होते. मोहर एवढेच सांगते की मजकूर अमक्याने पाठवला आणि तो वाटेत बदलला नाही. मजकूर खरा आहे असे ती सांगत नाही. भाईंच्या बाबतीत मोटारसायकलवाल्या कंपनीने कळवलेली थकबाकी खऱ्या कंपनीकडूनच आली होती, वाटेत कोणी ढवळाढवळ केली नव्हती. माहिती शुद्ध वाटेने आली, फक्त चुकीच्या माणसाच्या माथी बसली.

काझी 'के'चा की 'क्यू'चा?

ती चुकीच्या माणसाच्या माथी कशी बसली, हे आमच्या वाचकांनी जरा लक्ष देऊन वाचावे; हा प्रश्न आपल्या समाजाला इतरांपेक्षा जास्त भोवतो.

दोन संगणकांना एकाच माणसाची नोंद जुळवायची असते तेव्हा ते नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन आणि पॅन यांची तुलना करतात. पॅन दोन्हीकडे बरोबर लिहिलेला असेल तर प्रश्न मिटतो. तो कुठे सुटला असेल किंवा चुकला असेल तर नाव आणि जन्मतारखेवर अंदाज बांधला जातो. आता आपली नावे पाहा. मोहम्मद हे एकच नाव इंग्रजीत चार-पाच प्रकारे लिहिले जाते, शिवाय कोणी त्याचे 'एमडी' करतो तर कोणी 'एमओएचडी'. शेख तीन-चार प्रकारे. काझी कुठे 'के'ने तर कुठे 'क्यू'ने. आधारवर आधी शेख मग नाव, पॅनवर आधी नाव मग शेख, बँकेत बापाचे नाव मध्ये घातलेले. एकच माणूस संगणकाला तीन माणसे वाटतो.

उलटही घडते. एकाच नावाची दहा माणसे एका मोहल्ल्यात सापडतील. त्यात आपल्या मागच्या पिढीतील पुष्कळांची खरी जन्मतारीख घरात कोणालाच ठाऊक नव्हती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून टाकली. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेले इतके लोक का, याचे उत्तर दवाखान्यात नाही, शाळेच्या दाखल्यात आहे. नाव तेच, बापाचे नाव तेच, जन्मतारीख १ जून आणि सालही तेच. संगणकाने दोघांना एक मानले तर नवल काय? शहाडच्या भाईंचे असेच झाले होते.

पॅनच्या दहा अक्षरांतही नाव दडलेले आहे. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर 'पी' असते आणि पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर. अर्ज भरणाऱ्याने आडनावाच्या रकान्यात तुमचे पहिले नाव लिहिले असेल तर ते पाचव्या अक्षरात कायमचे बसते. आपले कार्ड काढून पाहा, पुष्कळांना हे कळून आश्चर्य वाटेल. पॅन आणि आधार जोडण्याची मुदत ३० जून २०२३ रोजी संपली तेव्हा नावे न जुळल्यामुळे ज्यांची जोडणी राहिली त्यांचे पॅन दुसऱ्या दिवसापासून निष्क्रिय झाले. दुरुस्ती करून एक हजार रुपये शुल्क भरल्यावर ते पुन्हा चालू होत होते. ज्यांनी नावाकडे दुर्लक्ष केले त्यांना त्या महिन्यात बँकेच्या आणि कर खात्याच्या दारी चकरा माराव्या लागल्या.

आमचा आग्रह असा की आधार, पॅन, बँक खाते आणि जीएसटी नोंदणी या चार कागदांवरचे इंग्रजी स्पेलिंग एका बैठकीत समोर ठेवून पाहावे. कोणते स्पेलिंग शुद्ध, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सगळीकडे एकच असले म्हणजे झाले. घरात नवे मूल आले की जन्मदाखल्यापासून हीच काळजी घ्यावी.

चूक कुणी दुरुस्त करायची?

हुंडीच्या बाबतीत जबाब देणारा ठरलेला होता. संगणकांच्या जाळ्यात तो नियमाने ठरवून द्यावा लागतो, आपोआप ठरत नाही. आपल्याकडे पतमाहितीची पहिली कंपनी, सिबिल, २००० साली स्थापन झाली. तिच्यासारख्या कंपन्यांसाठी कायदा २००५ साली झाला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. लोक चौघांनाही सिबिलच म्हणतात. कर्ज देणारी प्रत्येक बँक आणि वित्त कंपनी आपल्या कर्जदारांची माहिती यांना पुरवते आणि नवे कर्ज देण्याआधी यांना विचारते.

बरीच वर्षे तक्रारदाराला भाईंसारखेच या दारातून त्या दारात जावे लागे. रिझर्व्ह बँकेने यात हळूहळू सुधारणा केली. २०१७ पासून प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल चारही कंपन्यांकडून फुकट मागता येतो. ऑक्टोबर २०२३ च्या आदेशाने तक्रारीला मुदत घालून दिली : एकूण ३० दिवस. त्यांतले २१ दिवस कर्ज देणाऱ्याचे, उरलेले नऊ पतमाहिती कंपनीचे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला, आणि ती ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने द्यायची. हा नियम एप्रिल २०२४ मध्ये अमलात आला. कोणी आपला अहवाल पाहिला तर आपल्याला एसएमएस किंवा ईमेलने कळवावे, हेही त्याच सुमारास बंधनकारक झाले. आणि जानेवारी २०२५ पासून बँकांनी महिन्याऐवजी पंधरवड्याने माहिती कळवायची असे ठरले. फेडलेले कर्ज फेडले म्हणून दिसायला त्यामुळे पूर्वीइतका वेळ लागत नाही.

शंभर रुपये ही रक्कम लहान आहे आणि भाईंच्या बुडालेल्या कामापुढे तर ती काहीच नाही. पण आम्हाला यातली खरी गोष्ट वेगळी वाटते. कोणाचे किती दिवस आणि चुकल्यास कोणाचा खिसा, हे लिहून ठेवले गेले. 'संगणकात तसे दिसते' या उत्तरामागे लपण्याची सोय त्याने कमी केली.

भाईंनी तक्रार लेखी दिली. दोन माणसांचे पॅन वेगळे आहेत हे दाखवले, आधारच्या प्रतीवर राहण्याचा पत्ता दाखवला. नोंद निघाली. तोवर ते काम दुसऱ्याला गेले होते.

बंद पाकीट नेणारा

आता दुसरी बाजू. माहिती चुकीची नसून खरी असली तरी ती कोणाच्या हातात द्यावी हा प्रश्न राहतोच. व्यापाऱ्याचे बँक खाते म्हणजे त्याचे अर्धे दुकान. माल कोणाकडून येतो, गिऱ्हाईक कोण, कोणत्या महिन्यात हात आखडतो, सर्व त्यात दिसते. ही अमानत आहे. आणि आपण ती कशी सांभाळतो? कर्ज मिळवून देणारा एजंट म्हणतो, सहा महिन्यांचे स्टेटमेंट व्हॉट्सअॅपवर टाका. आपण टाकतो. ते पुढे कोणाकोणाकडे गेले याचा पत्ता लागत नाही. बँकेलाही त्या कागदाचा भरोसा नसतो, कारण स्टेटमेंटमधले आकडे बदलून देणारी मंडळी बाजारात आहेत.

यावर रिझर्व्ह बँकेने एक व्यवस्था आखली, तिचे नाव अकाउंट अॅग्रिगेटर. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. तिचे नियम २ सप्टेंबर २०१६ ला निघाले आणि बरोबर पाच वर्षांनी, २ सप्टेंबर २०२१ ला ती लोकांसाठी खुली झाली. वनमनी, फिनव्ह्यू अशा काही कंपन्यांना त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे. या कंपनीने दुसरा धंदा करायचा नाही. तिचे काम एका जासुदाचे. ज्या बँकेत तुमचे खाते आहे तिथून माहितीचे बंद पाकीट घ्यायचे आणि ज्याला तुम्ही परवानगी दिली त्याच्या हातात द्यायचे. पाकीट असे मोहरबंद असते की ते फक्त घेणाऱ्यालाच उघडता येते. जासुदाला ते वाचता येत नाही आणि जवळ ठेवायचीही मुभा नाही. तुमचा बँकेचा पासवर्ड किंवा पिन मागण्याची त्याला मनाई आहे. कोणी मागितला तर तो ही व्यवस्था चालवणारा नव्हे, एवढे ओळखून फोन बंद करावा. नोव्हेंबर २०२२ पासून जीएसटीची माहितीही याच वाटेने देण्याची परवानगी झाली आहे.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे संमतीचा मजकूर. तुमच्या फोनवर जी संमती येते तिच्यात कोणती माहिती, कोणत्या कामासाठी, कोणाला, किती महिन्यांची आणि किती दिवसांपर्यंत हे लिहिलेले असते. बहुतेक लोक हे न वाचता बोट दाबतात. वाचायच्या दोन जागा आम्ही सांगतो. पहिली : माहिती एकदाच मागितली आहे की पुन्हा पुन्हा. कर्ज चालू आहे तोवर दर महिन्याला तुमचे खाते पाहण्याची संमती काहीजण मागतात. दुसरी : संमती कधी संपते. ती मध्येच रद्दही करता येते. पण रद्द केल्याने पुढची माहिती जायची थांबते; आधी गेलेले पाकीट परत येत नाही.

आमचे मत विचाराल तर ही व्यवस्था व्हॉट्सअॅपवरच्या स्टेटमेंटपेक्षा शंभर पटींनी बरी आहे, पण संमती या शब्दाला फार मोठे करू नये. ज्याला उद्या कारागिरांची मजुरी द्यायची आहे तो माणूस कसली अट नाकारणार? समोरचा म्हणेल त्यावर तो बोट दाबेल. त्याची मोकळी इच्छा त्यात किती, हे आपण सर्व जाणतो. शिवाय ही जोडणी सगळीकडे पोचलेली नाही. आपले पुष्कळ बांधव ज्या पतपेढ्यांत पैसे ठेवतात त्या यात नाहीत, आणि दोघांच्या सहीने चालणाऱ्या भागीदारीच्या खात्यांना अजून अडचणी येतात.

कर्जाच्या अॅपबद्दल एकच गोष्ट. सप्टेंबर २०२२ च्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अॅपने तुमच्या फोनमधली नावांची यादी, फोटो किंवा कॉलची नोंद पाहायची नाही. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा किंवा ठिकाण एकदा मागता येते. जे अॅप तुमच्या मामू-चाचूंचे नंबर मागते ते कायद्यात बसत नाही. वसुलीच्या वेळी ते कशासाठी वापरले जातात, हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्याच्या नोंदीवर आपले पैसे

व्यापाऱ्याचा सर्वांत मोठा व्यवहार मात्र जीएसटीच्या जाळ्यात आहे, आणि इथे भरवशाचा प्रश्न थेट रुपयांत मोजता येतो.

समजा भाईंनी एक लाखाचे लोखंड घेतले. त्यावर १८ टक्के, म्हणजे १८,००० रुपये कर त्यांनी विकणाऱ्याला दिला. हे १८,००० त्यांना आपल्या करातून वजा करून घ्यायचे आहेत. पक्के बिल हातात आहे, पैसे बँकेतून गेलेले आहेत. पूर्वी एवढे पुरत असे. १ जानेवारी २०२२ पासून पुरत नाही. विकणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणात भरलेले पाहिजे आणि ते भाईंच्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात उमटलेले पाहिजे. दरमहा विवरण भरणाऱ्याची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख, तक्ता तयार होतो १४ तारखेला. विकणारा तीन महिन्यांनी विवरण भरणारा असेल आणि मधल्या काळात बिले कळवण्याची सोय वापरत नसेल, तर तेवढे दिवस थांबावे लागते. त्याने भाईंच्या पंधरा अक्षरी नंबरात चूक केली तर बिल दुसऱ्याच्याच खात्यात जाते. आणि बिल दाखवूनही त्याने पुढे विवरण भरून कर चुकता केला नाही, तर वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत वाट पाहून ३० नोव्हेंबरच्या आत भाईंना ती वजावट परत करावी लागते. त्याने कर भरला की ती पुन्हा घेता येते, ही त्यातली सोय.

हे न्याय्य आहे का? खोट्या बिलांचा धंदा मोडायचा होता हे खरे, आणि तो धंदा मोठा होता हेही खरे. तरी दुसऱ्याच्या चुकीचा भार प्रामाणिक खरेदीदाराने का उचलावा, हा प्रश्न व्यापारी न्यायालयांत मांडत आलेले आहेत. आम्हालाही तो योग्य वाटतो.

ऑक्टोबर २०२४ पासून यात थोडी दुरुस्ती झाली. खरेदीदाराला आपल्या नावावर आलेले प्रत्येक बिल संगणकावर पाहून ते मान्य, अमान्य किंवा स्थगित असे कळवता येते. कळवले नाही तर मान्य धरले जाते. म्हणजे एकाच्या सांगण्यावर दुसऱ्याची नोंद आता मुकाट्याने होत नाही, त्याला बोलण्याची जागा मिळाली. जे आपण कधी खरेदीच केले नाही असे बिल खात्यात दिसले तर ते त्याच महिन्यात अमान्य करावे. फुकटचे क्रेडिट मिळाले म्हणून खूश होणाऱ्यांना पुढे नोटिसा आलेल्या आहेत. आणि माल घेताना दरासोबत विकणाऱ्याचा विवरण भरण्याचा इतिहासही पाहावा. जीएसटीच्या पोर्टलवर त्याचा नंबर टाकला की त्याने कोणत्या महिन्याचे विवरण कधी भरले हे कोणालाही दिसते. पूर्वी पेढीची पत बाजारात विचारून कळत असे, आता ती अशी कळते.

कायद्याबद्दल दोन शब्द. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या असे ठरले. चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्यात आहे. पतमाहिती कंपन्यांविरुद्धची तक्रार सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेता येते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा, त्याशिवाय लोकपाल दाद घेत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा फोन आहे.

भाईंचा अहवाल स्वच्छ झाल्यावर आम्ही त्यांच्या गाळ्यात बसून जीएसटीची नोंदणीही एकदा पाहू म्हटले. लॉगिन करायला गेलो तर पासवर्ड त्यांना ठाऊक नव्हता. नवा मागावा म्हटले तर ओटीपी येईना. शेवटी उलगडा झाला. नोंदणीत मोबाइल नंबर त्यांचा नव्हताच, २०१७ साली ज्यांनी नोंदणी करून दिली त्या हिशेबनिसांचा होता, आणि भाईंनी त्यांचे काम सोडून चार वर्षे झाली होती. इतकी वर्षे भाईंच्या धंद्याची मोहर दुसऱ्याच्या खिशात होती. त्या गृहस्थांनी तिचा गैरवापर केला नाही, ही त्यांची सज्जनता. फोन केल्यावर त्यांनी ओटीपी सांगितला आणि त्याच दुपारी नंबर बदलून घेतला. ते सापडले नसते तर आपल्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे कागदपत्रे घेऊन जावे लागले असते. तिथेही हा बदल करून मिळतो. नवा पासवर्ड भाईंनी गाळ्याच्या भिंतीवर खडूने लिहायला घेतला होता, तेवढा मात्र आम्ही लिहू दिला नाही.